ट्रकमधली जागा

सुनेने हौसेने सासऱ्यांचं शांतिसेनेचं पदक फ्रेम करून आणलं. ती खिळा ठोकणार, तोच म्हातारे सुभेदार म्हणाले, "नको लावूस, पोरी."

"का हो, बाबा? परक्या देशात लोकांना वाचवलंत तुम्ही!"

सुभेदारांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "छावणी सोडताना आमचा दुभाष्या बायकोला घेऊन ट्रकपाशी आला. वर्षभर आमच्यासाठी राबलेला माणूस, मागे राहिला तर मारलाच जाणार होता. मी म्हटलं, जागा नाही."

"नसेल जागा, तर तुम्ही काय करणार?"

"जागेत माझा नवा टीव्ही होता गं."

सुनेने हातोडी खाली ठेवली. "नाव काय त्यांचं?" तिने हळूच विचारलं.

सुभेदारांनी खूप आठवून पाहिलं. मग त्यांनी तोंड ओंजळीत लपवलं.