नव्या फळीवरची बरणी

धाकटीच्या लक्षात आलं तेव्हा भट्टी आतून लाल झाली होती.

कोठीत झाडू मारताना फळीचं रिकामं खोकं तिच्या पायात आलं आणि ती जागीच थिजली. सकाळी भट्टी भरताना भांडी ठेवायची मधली भाजक्या मातीची फळी तडकलेली दिसली, म्हणून तिने या खोक्यातली कोरी फळी लावली होती. भांड्यावरचं ग्लेझ, म्हणजे चकाकीचा काचेसारखा थर, वितळून खाली ओघळलं तर ते फळीला चिकटू नये, म्हणून नव्या फळीला आधी पांढरा लेप द्यावा लागतो. तो द्यायचा राहूनच गेला होता.

आणि त्याच फळीवर ताईची बरणी होती.

मातीच्या भांड्यांचा हा कारखाना ताईचाच. मनगटाच्या ऑपरेशनला जायच्या आधी तिने चाकावर शेवटची घडवली ती ही बरणी. पुन्हा चाकावर बसता येईल का, असं विचारल्यावर डॉक्टर फक्त "बघू" म्हणाले होते. बरणी देखणी व्हावी म्हणून धाकटीने तिच्या गळ्यापाशी ग्लेझचे हात जरा जास्तच दिले होते.

काळा चष्मा लावून तिने भट्टीच्या भोकातून आत पाहिलं. नारिंगी उजेडात बरणी ओलीचिंब दिसत होती. पोटावरून एक जाडसर ओघळ खाली उतरत होता; त्याचं टोक कुठवर गेलंय ते काही दिसेना. तिने फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"ताई, रागावू नकोस."

"म्हणजे रागावण्यासारखंच काहीतरी करून ठेवलंयस. बोल."

धाकटीने अडखळत सगळं सांगितलं.

"ताई, आता काय करू?"

"भट्टी बंद कर. आत्ताच्या आत्ता. आणि जीव कितीही वरखाली झाला तरी दार उघडू नकोस. गार हवा लागली तर सगळंच तडकेल. मी उद्या येते."

धाकटीने भट्टीचं बटण बंद केलं. आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. निवता निवता भट्टी मधूनच टण् करून वाजायची. विटा अशा वाजतातच, हे तिला माहीत होतं. तरी दर आवाजाला वाटायचं, गेली बरणी.

दुसऱ्या दिवशी ताई आली तेव्हा तिचा प्लास्टरमधला हात गळ्यात बांधलेला होता. भट्टीला हात लावून ती निवलीय हे पाहून तिने मान डोलावली. धाकटीने दार उघडलं.

बरणी उभी होती, अख्खी. धाकटीने दोन्ही हातांनी ती उचलायला घेतली. बरणी हलेना. ओघळ तळाखाली शिरून फळीला घट्ट चिकटला होता.

"छिन्नी-हातोडी आण," ताई म्हणाली.

"मी नाही मारणार. तूच मार."

"कशाने मारू? पायाने?"

धाकटीला हसू आलं नाही. दोघींनी फळी बरणीसकट अलगद टेबलावर उतरवली. ताईने चांगल्या हाताने बरणी धरली आणि ओघळाच्या मुळाशी बोट दाखवलं. "इथे. फळी फुटली तरी चालेल."

पहिला घाव इतका हलका पडला की कपचीसुद्धा निघाली नाही. दुसऱ्या घावाला छिन्नी घसरली आणि धाकटी किंचाळलीच. मग दात आवळून, श्वास रोखून तिने तिसरा घाव घातला. कडकन आवाज झाला. तिने डोळे मिटून घेतले.

"उघड डोळे," ताई म्हणाली.

बरणी सुटली होती. फळीचा टवका तिच्या बुडाला चिकटून आला होता आणि त्या बुडाच्या काठाचा एक तुकडा टेबलावर पडला होता. बरणी जरा डुगडुगत होती, पण तडा कुठेच नव्हता. धाकटी रडायलाच लागली.

"अगं, झालं ना आता? रडतेस काय!" ताई म्हणाली. मग तिने गळ्यात बांधलेल्या हाताकडे पाहिलं. "काल तुझा फोन आला ना, तेव्हा मला बरणीपेक्षा या हाताचीच भीती वाटली. पुढच्या आठवड्यात हे प्लास्टर निघणार. आतून कसला हात निघेल, कोण जाणे. रोज तेच मनात येतं. कुणाला सांगितलं नाही."

धाकटीने डोळे पुसले.

"मी येईन तुझ्याबरोबर."

"ये," ताई म्हणाली. "एकटीने जायचं धाडस होत नाही माझं."