सहा काड्यांचा भाव

उकंडराव चिखलीच्या स्टँडवर एसटीतून उतरताना दिसले, की बद्रुद्दीन कापडवाला मनातल्या मनात सगळ्या ठाणांचा भाव वाढवून ठेवायचा. भाव पाडल्याशिवाय हा माणूस दुकानाची पायरी उतरत नाही, हे त्याला ठाऊक होतं. आणि त्यालाही घरी जाऊन पोटाला खायचंच होतं. "तुले केवढ्याले पडलं ते सांग," हा उकंडरावांचा सवाल पंचक्रोशीत गाजलेला. एकदा दवाखान्यात सलाईन टोचणाऱ्या डॉक्टरलाही त्यांनी तो विचारला होता. विकणारा नफा घेतो, हीच मुळी त्यांना चोरी वाटायची.

त्या साली बोंडअळीनं कपाशीचा पार चुथडा केला. बीटी बियाण्याला अळी शिवत नाही असं छातीठोक सांगणारेच आता अळीचे सापळे विकत हिंडत होते. बोंडं अर्धवट उकलून तशीच वाळली आणि तो किडका कवडी कापूस व्यापारी फुकटातही घेईना. कपाशीची वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाटी, उपटायची आणि चुलीत घालायची, एवढंच काम उरलं. पण सून सुचिता हिनं मोबाइलवर पाहिलं, की शहरातले लोक असल्याच वाळक्या काड्या फुलदाणीत खोचून हॉलमध्ये ठेवतात. तिनं ऑनलाइन बाजारात दुकान टाकलं. बोंडांसकट सहा काड्या, तीनशे एकोणपन्नास रुपये.

भाव ऐकून उकंडरावांना ठसका लागला. "अवं, सरपण हाय ते! कोणता बह्याड घेईन?"

बह्याड निघाले, आणि चांगले पुष्कळ निघाले. उकंडरावांच्या बायकोला, गोजरबाईला, चुलीत काडी घालायची चोरी झाली. "शिजवू कशावर? पुण्या-मुंबईच्या हॉलवर?" असं ती दिवसातून दोनदा तरी पुटपुटायची. पण त्या साली शेतातून घरात आलेला पैसा म्हणजे एवढाच, त्यामुळे मोठ्यानं कोणी काही बोलत नव्हतं.

मग पुण्याच्या अन्नपूर्णा नावाच्या बाईची तक्रार आली. एकच तारा, आणि खाली लिहिलेलं: 'शेतात उगवणाऱ्या काड्यांना एवढे पैसे? हा नफा नाही, दरोडा आहे.' पाठोपाठ ऑनलाइन बाजारवाल्या कंपनीचा निरोप आला, उद्यापर्यंत गिऱ्हाइकाचं समाधान करा, नाहीतर दुकान बंद. सुचिताचा चेहरा पांढरा पडला.

"मामाजी, तुमीच बोला तिच्याशी. भावाचं तुमच्यावानी कोणाले समजते?"

उकंडरावांनी तक्रार दोनदा वाचून घेतली आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा! काय बाई हाय! एकदम आपल्यातली निघाली."

सुचितानं बाईच्या पार्सलात आपला नंबर टाकला होता, त्यावर बाईचा मिस कॉलही येऊन गेला होता. सुचितानं तोच नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि मोबाइल खाटेवर ठेवला.

"नमस्कार बाई. काड्यावाला बोलून राह्यलो. तुमची तक्रार सोळा आणे खरी हाय."

"म्हणजे तुम्हाला मान्य आहे?" अन्नपूर्णाबाई चकित झाल्या.

"हाव! सरपणाले कोणी एवढे पैसे देते काय? मी असतो तं पन्नासच्या वर छदाम देल्ला नसता."

सुचितानं कपाळावर हात मारून घेतला. गोजरबाईनं दारातून डोळे वटारले.

"मग मला खरं सांगा," पलीकडून आवाज आला, "तुम्हाला त्या केवढ्याला पडतात?"

उकंडराव मोबाइलच्या जवळ सरकले. जन्मभर हा सवाल त्यांनी जगाला विचारला, पण त्यांना तो कोणी विचारला नव्हता. कापसाची गाडी बाजारात लावली की व्यापारी ढिगात हात घालायचा, तोंड वाकडं करायचा आणि भाव सांगून मोकळा व्हायचा. यांनी मान डोलवायची. आज पुण्याची एक अनोळखी बाई विचारत होती, आणि उकंडरावांना एकदम भरून आलं.

"घ्या लिहून," ते म्हणाले. "बियाणं. ते पावसानं मातीत दडपलं, म्हणून परत बियाणं. मंग खत. निंदणाच्या बाया. मंग फवारणी. फवारता फवारता मले चक्कर आली, वावराच्या धुऱ्यावर आडवा झालो, तं कुत्रं येऊन तोंड चाटून गेलं. त्याचे काय लावता ते तुमीच ठरवा. मंग रानडुकरं. डबे वाजवू वाजवू माहे कान गेले."

"माह्या कमरेचे वेगळे लावा!" गोजरबाई दारातून ओरडली.

"अहो, पण हे सगळं सहा काड्यांत कसं धरता?"

"इकाले काड्याच उरल्या ना, बाई. बाकीचं अळीनं खाल्लं. तिच्याकडून कसं वसूल करू?"

पलीकडे हसण्याचा फुर्रकन आवाज झाला. "बरं बाबा, पटलं. पण पन्नास रुपये तरी परत करा. लगेच तक्रार मागे घेते."

सुचिता दोन्ही हातांनी खुणा करू लागली, हो म्हणा, हो म्हणा. उकंडरावांची मान सवयीनं डोलायला लागलीच होती. ती त्यांनी मध्येच थांबवली.

"नाई."

"काय?"

"नाई म्हटलं. जो भाव हाय तो हाय."

"मग राहू द्या," बाई म्हणाल्या, आणि फोन कट झाला.

"मामाजी, गेलं ना दुकान!" सुचिता रडकुंडीला आली.

"जन्मात एकदा भाव धरला," गोजरबाई म्हणाली, "तोही सुनेच्या दुकानावर!"

"थांब वं जरा. मीबी असाच उठून चालाले लागतो. पायरी उतरतो, पण कान मांगंच असते." उकंडराव बोलले खरे, पण त्यांच्या कपाळावर घाम आला होता. तिघंही खाटेवरच्या मोबाइलकडे बघत राहिली. अंगणातून कोंबडी आत आली, तिला हाकलायचंही कोणाला सुचलं नाही.

मोबाइल वाजला. पुण्याचाच नंबर होता. सुचिता झेपावली, तर उकंडरावांनी मोबाइलवर पंजा ठेवला.

"मामाजी, उचला ना! काऊन बसले असे?"

"उचलतो वं. जरासा वाजू दे." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "उभ्या जिंदगीत माह्या मालासाठी कोणी माघारी आलं नव्हतं."