लिंबाची दुसरी रांग

सावनेरच्या आमच्या बागेत कागदी लिंबाच्या दोन रांगा आहेत. त्यांतली माझी रांग ठेवायची की उपटायची, हे त्या दिवशी ठरणार होतं.

दोन वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात, मी नागपूरच्या माझ्या कॉलेजातल्या सरांकडून एक रोगट फांदी मुद्दाम आणली होती. लिंबं वाळवणाऱ्या विषाणूचाच तिच्यात एक सौम्य प्रकार होता. तिचा डोळा, म्हणजे कोंबासकट सालीचा तुकडा, कोवळ्या झाडावर बांधला, की पुढे जहाल विषाणू आला तरी झाड सहसा तगतं. सर म्हणाले होते, "परदेशात नुकताच एका विषाणूचा जनुकच तंबाखूच्या रोपात बसवलाय, त्याला तो रोग लागू नये म्हणून. फळझाडांची पाळी येईल तेव्हा येईल. तोवर हे करून पाहा."

माझे सासरे चंपतराव, आमचे मामाजी, तेव्हा म्हणाले, "झाडाले देवी टोचून राहिली काय वं सूनबाई?" पण एक रांग दिली. अट एवढीच, की दोन वर्षांनी शेजारच्या न टोचलेल्या रांगेपेक्षा ती सरस दिसली नाही, तर हातानं आणलेला रोग बागेत राहणार नाही.

त्या निकालाच्या सकाळी माझ्या नऊ महिन्यांच्या लेकीला, शामलाला, कडेवर घेऊन निघाले. ती दोनदा शिंकली होती, म्हणून दोन टोपडी, उकळलेलं पाणी आणि तिचं कपाळ चाचपणारा माझा हात, असं सगळं बरोबर होतं.

मामाजींनी दोन्ही रांगांची पानं उन्हाकडे धरून पाहिली. दोन्हीकडे हिरवीगार.

"दोन्ही बी सारख्याच. मंग तुह्या टोचण्याचा काय फायदा झाला?"

खरंच फरक नव्हता.

"नत्थूजी, कुदळ आण गा."

चाळीस वर्षं संत्र्याचे डोळे बांधणारा नत्थूजी जागचा हलला नाही. "मालक, थोडं थांबा न."

"काहून?"

"बाईच्या रांगेले डोळे बांधून झाले, तरी फांदीवर लय उरले. चांगला डोळा फेकवत नाही माह्याच्यानं. दुसऱ्या रांगेले बांधून टाकले."

"आणि मला सांगितलं नाही?" मी म्हणाले. दोन वर्षं दर आठवड्याला मी त्या रांगेची पानं तुलनेसाठी मोजत होते.

"तुम्ही माहेरी गेल्या होत्या बाई. मंग इसरलो."

मामाजींनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "साऱ्या झाडायले बांधले?"

"शेवटची चार राहिली. डोळे सरले."

आम्ही रांगेच्या टोकाशी गेलो. ती चार झाडं गुडघ्याएवढीच होती, पानं वाटीसारखी वळलेली. खाली मुरूम आहे म्हणून ती खुरटली, असं धरून मी ती मोजणीत घेत नव्हते आणि मामाजी त्यांना दरसाल जास्तीचं शेणखत घालत आले होते. मी एक पान उन्हाकडे धरलं. शिरांवर फिक्या रेघा, जागोजाग तुटलेल्या; जहाल विषाणूची हीच खूण. मामाजींनी ते माझ्या हातातून घेतलं, मग डोळा बांधलेल्या पाचव्या झाडाचं पान तोडून शेजारी धरलं. ते स्वच्छ होतं. आणखी एक तोडलं. मग ते हसायला लागले, आणि ते हसतात म्हणून शामलाही दोन दात दाखवून खिदळायला लागली.

"यंदा नाल्याकडं दोनशे झाडं लावायची आहेत," ते म्हणाले. "तुह्या सरायले विचार, फांद्या किती देतात."

"विचारते. पण ही चार उपटू नका मामाजी. सरांना दाखवायला लागतील."

"नाही उपटत." त्यांनी शामलाला माझ्याकडून घेतलं आणि नत्थूजीकडे मानेनं खूण केली. "फक्त याच्या हातात चाकू असला, तं याले इकडं फिरकू देऊ नोको."

नत्थूजी म्हणाला, "डोळे उरले तं मंग काय करू?"