आधी ठिकाण सांगा

"खामगावात म्हंजे कुठी? खामगाव काय माह्या अंगणाएवढं हाय?"

आत्याबाई फोनवर अशा ओरडत होत्या की खामगावला फोन नसता तरी ऐकू गेलं असतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सुभद्राबाई चोपडे. पलीकडे होता प्रेमानंद, अमरावतीचा. तो नकली पाय बसवतो. दर महिन्याला आमच्या भागात त्याची फेरी असते. कधी शेगाव, कधी खामगाव, कधी नांदुरा. लॉजची एखादी खोली घेऊन बसतो आणि कुणाचा पाय सैल झाला, कुणाचा टोचायला लागला, ते नीट करून देतो.

"आजी, मी इथंच आहे. दुपारचं नाव लिहून ठेवू का तुमचं?"

"नाव मंग लिहा. पयले खिडकीतून काय दिसते थे सांगा."

मी ओट्याशी भाकरी थापत होते. मला हसू येत होतं, पण त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि आम्ही चांगलेच पोळलो होतो.

झालं होतं असं. साखरेपायी आत्याबाईंचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. नकली पाय मिळाला, त्यावर त्या वर्षभर झकास चालल्या. मग आतलं मांस सुकलं, पाय ढिला पडला आणि खुंटीवर जाऊन बसला. प्रेमानंदची शेगावची फेरी नेमकी रामनवमीला आली. आत्याबाई म्हणाल्या, "चाल पोरी, पायही होते न् महाराजाचं दर्शनही होते." एका दगडात दोन पक्षी! नांदुऱ्याहून एसटीत बसलो, गर्दीत चेंगरत शेगावला उतरलो. लॉजवाला म्हणाला, "पायवाले? रामनवमीले कुठी खोली भेटते बाई त्याईले? थे तं नांदुऱ्याले बसले आज." ज्या स्टँडवरून आम्ही एसटी पकडली, त्याच्यासमोरच्याच लॉजमध्ये! परत येईपर्यंत गडी सामान बांधून निघून गेला होता. त्या दिवशी मी त्या माणसाच्या नावानं जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. निघण्याआधी त्याला फोन करून विचारायला आमचं तोंड काही शिवलेलं नव्हतं, हे मात्र मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं.

"आजी, खिडकीतून भिंत दिसते."

"कशाची भिंत? वास कशाचा येऊन राह्यला?"

तो बिचारा बहुतेक खरंच हुंगत असावा. "ढेपीचा येतो आजी. मागं तेलाची मिल आहे."

"हाव, मंग बरोबर. दिवस बुडेपर्यंत तिथीच राहसान ना? खोलीवाला उठवन तं नाई? मंग लिहा आता. सुभद्राबाई चोपडे. उजवा पाय. आलीच मी."

फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "लुगडं दे पोरी चांगलं. उद्या अखजी हाय."

अखजीचीच, म्हणजे अक्षय्य तृतीयेचीच, तर सगळी घाई होती. आमच्याकडे वावर द्यायचं-घ्यायचं ते अखजीला. आमचं वावर गावाला लागूनच, विहिरीवरचं दीड एकर. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आत्याबाईंनी सगळं जन्मभर स्वतःच्या हातानं लावलं आणि नांदुऱ्याच्या बाजारात स्वतः बसून विकलं. आता मजूर मिळत नाही. आमचे हे, गोपाल, अडत दुकानात नोकरीला, आणि मी एकटी किती ओढणार? म्हणून यांनी वावर गावातल्या रामरावला ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या ठरल्या पैशावर कसायला, द्यायचं ठरवलं. खरं सांगते, मलाही ते बरं वाटलं होतं. माझीही कंबर मोडते.

पण आत्याबाईंनी अट घातली. "अखजीच्या दिवशी मी माह्या पायानं बांधापासून विहिरीपर्यंत आली, तं वावर द्याचं नाई."

हे हसून म्हणाले होते, "बरं माय." पाय खुंटीवर लटकलेला होता ना.

खामगावात मिलच्या मागची खोली लगेच सापडली. प्रेमानंदनं आत्याबाईंचा पाय पुढे घेतला, दाबून पाहिला आणि मान हलवली.

"आजी, हा पाय आता तुमचा राहिला नाही. नवं माप घेतो. नवा पाय पावसाळ्यानंतर मिळेल."

"मले उद्या पायजे."

"उद्यासाठी आत अस्तर भरून देतो. पण घरातल्या घरात चालायचं. वावरात जायचं नाही. ढेकळात घासलं, जखम झाली, तर साखरेत भरून येत नाही. वरचाही पाय जाईल."

"हाव," आत्याबाई म्हणाल्या.

इतक्या लवकर त्या कुणाचं ऐकत नाहीत, हे मला तिथंच कळायला हवं होतं. कळलं ते परतीच्या एसटीत.

"आत्याबाई, घरी याईले सांगते मी सगळं. जखम झाली तं?"

"सांग. तुह्या तोंडाले मी कुलूप लावू शकत नाई." त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. "वावर गेलं का मंग मी कोण हावो, सांग बरं? खाटीवरची म्हातारी. जेवली का, झोपली का, एवढंच इचारतीन लोकं. मले कोनी इचारलं पायजे, सुभद्राबाई, वांगे कसे लावले?"

मला भडभडून आलं. रागही आला, की ही बाई मला असल्या पेचात का टाकते. घरी आल्यावर हे म्हणाले, "झाला का पाय?" मी म्हटलं, "झाला." पुढचं बोललेच नाही.

अखजीला सकाळीच रामराव सौद्याचा नारळ घेऊन विहिरीवर येऊन बसला. हेही तिथंच होते. मी आणि आत्याबाई ऑटोतून बांधावर उतरलो. मी हात पुढे केला.

"सोड."

त्या निघाल्या. हातात काठी, पदर कमरेला खोचलेला. नांगरलेलं वावर, भाकरीएवढी ढेकळं. चार पावलं टाकायच्या, थांबायच्या, कडेला उरलेल्या वांग्याच्या वाळलेल्या झाडांकडे बघायच्या, जणू पाहणी करायलाच आल्यात. मध्यावर नकली पाय ढेकळावरून घसरला आणि त्या गुडघ्यावर आल्या.

"माय!" हे धावले.

"हात नको लावू बे! तुह्या हातानं उठली तं माहा पाय कायचा?"

हे तसेच उभे राहिले. रामरावही उठून उभा राहिला. आत्याबाईंनी काठी मातीत रोवली, दात आवळले आणि उठल्या. मी मागून चालत होते. माझा जीव माझ्या मुठीत होता. विहिरीच्या कठड्याला त्यांनी हात टेकवला.

मग रामरावच म्हणाला, "गोपाल, राहू दे रे बाप्पा. मालकीण उभी हाय वावरात." आणि त्यानं नारळ आत्याबाईंच्या पायाशी ठेवला.

"तसा नको जाऊ रामराव. च्या घे."

"येईन ना आत्या मंग, तुमचे वांगे लागले का."

यांनी खाली बघितलं. "वाफे पाडाले माणूस पाहातो माय," म्हणाले, आणि रामरावला सोडायला बांधापर्यंत गेले.

मी म्हटलं, "बसा ना आत्याबाई आता."

त्या बसल्या नाहीत. रामराव वळून वळून हात करत होता, आत्याबाईही हसून हात हलवत होत्या. लुगड्याखाली, नकली पायाच्या वरच्या काठाशी, मोज्यावर लाल डाग पसरत चालला होता. तो त्यांना माहीत होता आणि मला दिसत होता. रामराव बांध ओलांडून सडकेला लागला, बाभळीमागे दिसेनासा झाला. तोवर त्या ताठ उभ्या होत्या.

मग हळूच म्हणाल्या, "पोरी, आता धर मले."