फिर्मिनची पाठ

कॅफेच्या मागच्या भिंतीला सायकली टेकवलेल्या होत्या. लीवेन गुडघ्यावर बसला, खिशातून सुतळी काढली आणि फिर्मिनच्या हँडलची जमिनीपासूनची उंची मापून तिथे गाठ मारली. दुसरी गाठ सीटच्या उंचीची. उठताना कमरेत अशी कळ आली की त्याला फिर्मिनच्याच सीटचा आधार घ्यावा लागला.

खिडकीतून आत फिर्मिन दिसत होता, काउंटरपाशी बिअरचा ग्लास घेऊन ताठ उभा. रविवारची फेरी संपली की क्लबातली तरणीबांड मंडळीसुद्धा बाकांवर कोसळायची. सत्तरीला टेकलेला हा माणूस मात्र कधी बसायचाच नाही.

लीवेन त्याच्याहून बराच लहान. सगळ्यांच्या पुढे, वारा अंगावर घेत चालवायची जागा वर्षानुवर्षं या दोघांची होती. या वसंतात लीवेनच्या कमरेने दगा दिला आणि तो चढावर मागे पडू लागला. पुढची जागा एकदा गेली की परत मिळत नाही, हे त्याने इतरांच्या बाबतीत पाहिलं होतं. तेव्हा तो त्यांना हसलाही होता.

व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं.

"हँडल वर घ्या. पोटाचे स्नायू बळकट करा. आणि मधूनमधून पॅडलवर उभं राहून पाठ मोकळी करत जा."

"फिर्मिनचं हँडल तर माझ्याहून खाली आहे."

"मग त्यांनाही पाठवा माझ्याकडे."

लीवेनला ते लागलं. घरी येऊन त्याने हँडलखाली उंचीसाठी घातलेले उरलेसुरले वायसर काढले आणि सुतळीच्या गाठीबरहुकूम हँडल आणखी खाली बसवलं. फिर्मिनला जमतं ते आपल्याला का जमू नये?

पुढच्या रविवारी दगडी चढाच्या निम्म्यावरच त्याची कंबर धरली. पुढे फिर्मिन चालला होता, पाठ पाटासारखी सपाट, आणि त्याच्या शेजारी, लीवेनच्या जागी, ब्राम नावाचा कालपरवा क्लबात आलेला दाढीवाला. चढ संपल्यावर फिर्मिनने मागे वळून आवाज दिला.

"काय रे लीवेन, वाटेत चर्च दिसलं म्हणून प्रार्थना करत थांबलास की काय?"

सगळे खो खो हसले. लीवेनही हसला, पण आतून त्याचा नुसता जळफळाट झाला. ती पाठ एकदा, फक्त एकदाच, चारचौघांसमोर वाकावी असं त्याला मनापासून वाटलं.

त्या दिवशी फिर्मिन अर्धा ग्लास टाकून लवकर निघाला. त्याचं पावसाळी जाकीट खुंटीवरच राहिलं.

"तुझ्या वाटेवरच आहे की त्याचं घर," कॅफेवाली रीता म्हणाली. "जाता जाता देऊन टाक."

फिर्मिनच्या गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं. हाक मारायला लीवेनने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. फिर्मिन अजून सायकलवरच होता, दोन्ही हातांनी भिंत धरून. त्याची बायको रोझान सायकल जवळजवळ आडवी करून त्याचा पाय उचलून सीटवरून पलीकडे घेत होती.

"हळू, हळू गं! कॅफेत कसाबसा उतरलो, आता पार आखडलोय."

"हळूच करतेय. कॅफेत बसला नाहीस ना?"

"बसलो असतो तर उठवायला तू हवी होतीस."

तो टेबलाच्या कडेला धरून उभा राहिला. रोझान त्याच्यासमोर फरशीवर बसली आणि त्याच्या जुन्या कातडी बुटांच्या लेस सोडू लागली.

"हँडल वर घे म्हणून किती डोकं फोडू? दगड आहेस नुसता."

"घेतो की. आधी लीवेनला घेऊ दे. आज पाहिलं, मेल्याने आणखी खाली केलंय! मी वर घेतलं तर गावभर हसेल तो."

"मग मरा दोघेही," ती म्हणाली. तिने त्याचा मोजा ओढून काढला, पाऊल मांडीवर घेतलं आणि अंगठ्याने टाच दाबत राहिली. आधारासाठी फिर्मिनने तिच्या डोक्यावर हात ठेवला. पाऊल खाली टेकल्यावरही त्याने तो काढला नाही.

लीवेनला आनंद व्हायला हवा होता. जाकीट फाटकाला अडकवताना त्याने त्या आनंदाची वाटही पाहिली.

घरी तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला. बायको, मार्टीन, वारल्यानंतर कमरेचं दुखणं सुरू झालं, तेव्हापासून तो स्वयंपाकघरातल्या चिमट्याने मोजे काढायचा. आज चिमटा सारखा सुटत होता. अखेर एक मोजा पायात तसाच ठेवून तो सायकलीकडे गेला, सगळे वायसर परत घातले आणि हँडल जाईल तितकं वर घेतलं.

रविवारी फिर्मिनची नजर पहिल्यांदा तिथेच गेली.

"अरे, भाजी आणायला निघालास का या सायकलवर?"

मंडळी हसली. हशा ओसरल्यावर फिर्मिन सायकल सरकवत जवळ आला.

"बरं वाटतं का रे पण?" त्याने हळूच विचारलं.

"वाटतं. तूही घे वर. मी हसणार नाही."

फिर्मिनने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग ब्रामला हाताने मागे व्हायची खूण केली.

"चल, पुढे हो," तो लीवेनला म्हणाला.

दोघे पुढे झाले. वारा समोरून होता, कंबर कित्येक महिन्यांनी गप्प होती, जागाही परत मिळाली होती. आणि लीवेन फिर्मिनच्या वरखाली होणाऱ्या बुटांकडे बघत होता. समोर बसून कुणीतरी घट्ट, दुहेरी मारलेल्या गाठी होत्या त्या. चढ येईपर्यंत त्याची नजर तिथून हलली नाही.