सहा प्लेटांचा गिअरबॉक्स

किरणच्या गाडीला क्लचचं पायडल नव्हतं, आणि म्हणूनच ती त्याला चालवता येत होती. दोन वर्षांचा असताना पोलिओनं त्याचा डावा पाय गेला. आंदर मावळात जीपवाले पुष्कळ, पण ऑटोमॅटिक गाडी चालवणारा हा एकटाच. लोणावळ्यातल्या एका बंगलेवाल्याची जुनी गाडी विकत घेऊन तो वाडीतल्या बायाबापड्यांना कामशेतच्या बाजाराला न्यायचा. एसटीचं काय, आली तर आली!

मग त्याला नको ते शहाणपण सुचलं. भरल्या गाडीला खिंडीचा चढ जड जातो म्हणून त्यानं इंजिनाची ताकद वाढवून घेतली. इंजिन झालं पैलवान आणि गिअरबॉक्स राहिला किडकिडीत. महिन्याभरात चढावर इंजिन नुसतं बोंबलायला लागलं, जळका वास सुटला, चाकं हलेनात. ज्याला दाखवावं तो म्हणे, "काढ हे लचांड, साधा गिअर बसव." अहो, साधा गिअर बसवल्यावर हा क्लच काय हातानं दाबणार? सांगणाऱ्याचं काय जातंय! गाडी गेली तर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम घालायचा, एवढंच किरणच्या हाती उरणार होतं.

कामशेतच्या प्रज्ञेश मिस्त्रीनं मात्र गिअरबॉक्स खोलला आणि काळ्या पडलेल्या प्लेटा त्याच्यापुढं ठेवल्या.

"तेलाच्या दाबानं या एकमेकींना धरतात, तेव्हा इंजिनाचा जोर चाकांना पोचतो. इंजिनाचा जोर वाढला, यांची पकड तेवढीच राहिली. चाराच्या जागी सहा बसवू, तेलाचा दाब वाढवू, तेल थंड ठेवायला पुढं मोठा कूलर लावू."

"व्हईल ना, भाऊ?"

"न व्हायला काय झालं?"

आणि झालंही. बारा दिवसांनी गाडी खिंड अशी चढली की किरणनं स्टिअरिंगलाच हात जोडले. पण आठवडा गेला आणि पुन्हा जळका वास! किरण मान खाली घालून गॅरेजात गेला. दुसरा कुणी मिस्त्री असता तर त्यानं हात झटकले असते. प्रज्ञेशनं शटर ओढलं आणि तो शेजारच्या सीटवर येऊन बसला. "चल, तुझ्या फेरीला येतो," म्हणाला.

वाडीच्या वर, ऐन चढावर, धोंडाबाई आणि तिघी म्हाताऱ्या टोपल्या घेऊन उभ्या होत्या. किरणनं ब्रेक दाबलाच नाही. अॅक्सिलरेटर जरासा दाबून गाडी तशीच चढावर तोलून धरली. म्हाताऱ्या निवांत चढल्या, टोपल्या चढल्या, एक कोंबडी उतरून पुन्हा चढली.

"अरे, ब्रेक लाव की!"

"ब्रेकवरनं पाय काढला की गाडी मागं सरती, भाऊ. एकदा धोंडामावशी पडता पडता वाचली. म्हातारी मानसं, भ्यात्यात."

"अरे येड्या, गाडी अशी तोलून धरतोस म्हणून तेल उकळतंय! साठ प्लेटा बसवल्या तरी जळतील. भरलेली गाडी इथं उभीच करू नकोस, वर सपाटीला थांब."

"आन् म्हाताऱ्यांस्नी एवढा चढ चालवू? न्हाई जमायचं मला."

प्रज्ञेशनं कपाळावर हात मारला. मागं बसलेल्या चौघी सगळं ऐकत होत्या. गॅरेजात परत आल्यावर त्यानं तेल बदललं आणि प्लेटा तपासल्या. नुसतं तेलच जळलं होतं. चारच प्लेटा असत्या तर गाडीनं केव्हाच राम म्हटला असता.

"तुमचे उपकार कसे फेडू, भाऊ?" किरणचा जीव भांड्यात पडला होता.

"ब्रेक लावून फेड," प्रज्ञेश म्हणाला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी किरण ब्रेक लावायच्या तयारीनंच चढाला लागला. पण चढावर कुणीच नाही. रागावून दुसऱ्या जीपनं गेल्या की काय? तो तसाच खिंडीत पोचला. तिथं सपाटीला चौघी टोपल्यांशेजारी फतकल मारून बसल्या होत्या, घामानं भिजलेल्या, धापा टाकत.

"मावशी, एवढा चढ चालत कशाला आलासा?" त्यानं घाईघाईनं दार उघडलं. "लय उपकार केलंत माज्यावर."

"उपकार कसलं रं, मुडद्या?" धोंडाबाईनं टोपली आत सरकवली. "तुला एकच पाय, तरी इतकी वर्सं आमाला वाहतोस. आमाला दोन हाईत. चार पावलं चाललो तर काय झिजलो व्हय?"