पुडीतलं चाक

कोलाच, लग्नात वाटायचा छोटा गोड पाव, बरोबर पाच सेंटिमीटर रुंद होता आणि मधला प्लमच्या मुरंब्याचा ठिपका दोन. झ्दिस्लावाने पट्टी खाली ठेवली. डेअरीच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलेल्या बाईला भाचीच्या लग्नाचे सहाशेच्या सहाशे कोलाच एकसारखे हवे होते.

"मोजून कधी कोलाच होतात का गं?" कणीक मळता मळता व्लास्तामावशी म्हणाली. "कोलो म्हणजे चाक. चाकासारखा गोल, म्हणून कोलाच. आणि चाक असतं फिरायला! तुझी गाडी मात्र तीन वर्षं अंगणातच उभी."

सगळ्या बायका खो खो हसल्या. तीन वर्षांपूर्वी मागच्या गल्लीतल्या वोयमीरने, मधमाश्या पाळणाऱ्या त्या विधुराने, तिला लग्नाचं विचारलं होतं. "विचार करून सांगते," ती म्हणाली होती. विचार अजून चालूच होता.

"त्यांची पुडी तूच नेऊन दे, झ्दिस्लावामावशी," म्हणत नवरीने, अपोलेनाने, सहा कोलाच पांढऱ्या कागदात बांधले आणि वर रोजमेरीची काडी खोवली. अशी पुडी दारात आली की समजायचं, आणणाऱ्याच्या घरी लग्न आहे.

वोयमीर महिनाभर पेट्या घेऊन फुलोऱ्यामागे डोंगराकडे गेला होता, तो कालच परतला होता. त्याने दार उघडलं. पुडी पाहिली, रोजमेरी पाहिली, झ्दिस्लावाचे पिठाने माखलेले हात पाहिले. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"अभिनंदन," तो कसाबसा म्हणाला. "कोण आहेत... ते?"

क्षणभर तिला काही कळेना. मग लख्ख कळलं. अपोलेनाचं ठरलं तेव्हा हा माणूस गावात होताच कुठे!

'अहो, भाचीचं आहे,' एवढंच म्हणायचं होतं. पण त्याने पुडी दोन्ही हातांत धरली होती, मधमाश्यांनी भरलेली पोळ्याची चौकट धरावी तशी. एकही कोलाच चेपू नये म्हणून जपून. त्याची छाती फुटायची वेळ आली होती, तरी हात स्थिर होते. तीन वर्षांच्या विचाराला आणखी कसला पुरावा हवा होता?

तिचे कान तापले. हसूही आवरेना.

"अरे वेड्या, हे अपोलेनाचं लग्न!" आजवर अहोजाहो करणारी झ्दिस्लावा गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आपलं सप्टेंबरात. मी तुझ्याशी लग्न करणार आहे."